स्टीलची चाके की अलॉय?

गाडीच्या वरच्या व्हेरियंटची अलॉय, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची, चाके मन वेधून घेतात हे खरे. परंतु ज्यांचा रोजचा प्रवास पावसाळ्यात खड्ड्यांनी भरलेल्या रस्त्यांवरून होतो, त्यांनी आधी स्टीलचा विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. खड्ड्याच्या कडेवर चाक जोरात आदळले की स्टीलची रिम बहुधा वाकते, आणि पंक्चरवाला टायर उतरवून ती कड हातोड्याने ठोकत बरीचशी सरळ करून देतो. अलॉयला मात्र तडा जाण्याची शक्यता अधिक, आणि तडा गेलेले चाक वेल्डिंग करून वापरणे मला अजिबात सुरक्षित वाटत नाही.

त्याच मापाचे अलॉय चाक सहसा हलके असते आणि ते स्टीलसारखे गंजत नाही. कोकणच्या खाऱ्या हवेत हा गुण मोठाच म्हणायचा.

खरी मेख मापात आहे. १४ इंची चाकावरचा १७५/६५ टायर (रुंदी १७५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के) काढून १५ इंची अलॉयवर १८५/५५ बसवला, तर एकूण व्यास जवळपास तोच राहतो, पण टायरच्या भिंतीची उंची सुमारे ११४ मिलिमीटरवरून १०२ वर येते. म्हणजे धक्का झेलणारे रबर तेवढे घटते. म्हणून अलॉय घ्यायचीच असतील, तर मूळ मापाचीच घ्यावीत. पीसीडी (नट-बोल्टच्या छिद्रांच्या वर्तुळाचा व्यास) व ऑफसेट (चाक जिथे हबला टेकते ती बाजू चाकाच्या मध्यरेषेपासून किती अंतरावर आहे ते माप) जुळतात ना, हे बसवण्यापूर्वीच तपासावे, आणि नव्या चाकांना वेगळे नट लागत असतील, तर स्टीलच्या स्टेपनीसाठी जुने नट डिकीत जपून ठेवावेत.