दोन पावलं मागे, मग एक पाऊल

परवा धावण्याच्या सरावाला खुरपं घेऊन मैदानात उतरले, तेव्हा आठवीतल्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, आपल्याकडे ब्लॉक नाहीत म्हणूनच खड्डे खणतोय ना?" ब्लॉक म्हणजे शर्यतीत सुटताना पाय रेटायचे ठोकळे. तिचा आवाज पडलेला होता. मला ते लागलं.

फक्कीच्या रेषेपासून पावलाला पाऊल लावून दोन पावलं मागे पुढच्या पायाचा खड्डा, आणखी एक पाऊल मागे दुसऱ्याचा. मागची भिंत उभी ठेवायची, कारण पाय रेटायचा तो तिच्यावरच. खणता खणता मी तिला चार्ल्स शेरिलची गोष्ट सांगितली.

शेरिल येल कॉलेजचा विद्यार्थी. मे १८८८ मध्ये न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या एका शर्यतीत तो हात जमिनीला टेकून, ओणवा होऊन सुटला. तोवर कॉलेजची पोरं उभ्यानंच सुटायची. १८६४ मध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांची पहिली ॲथलेटिक्स स्पर्धा झाली, तेव्हाही तसंच. ही युक्ती शेरिलची की त्याचा प्रशिक्षक माइक मर्फी याची, यावर आजही वाद आहे. माझं मत विचाराल तर मर्फीला थोडं जास्त श्रेय द्यावं. पोराला सगळ्यांसमोर असं वेगळं बसवायला गुरूचीही छाती लागते. आणि हो, ब्लॉक तेव्हा नव्हतेच. ते आले १९२० च्या दशकाच्या शेवटी. त्याआधी धावणाऱ्यांनी मातीत असेच खड्डे खणले.

मग फोनवर १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमधला तो फोटो दाखवला. १०० मीटरची सुरुवात. बाकीचे कुणी उभे, कुणी अर्धवट वाकलेले आणि बोस्टन विद्यापीठाचा टॉमस बर्क मात्र दोन्ही हात टेकून बसलेला. अंतिम शर्यत त्यानं १२ सेकंदांत जिंकली. मुली फोटोभोवती कोंडाळं करून बघत राहिल्या. एकीनं बोट ठेवून म्हटलं, "ह्याची कंबर बघा, आपल्यासारखीच वर आहे."

त्यानंतर तिघींनी न सांगता आपापले खड्डे पुन्हा नीट केले. शिट्टीवर आठ वेळा सुटलो. प्रश्न विचारणारीचा मागचा पाय पहिल्यांदाच घसरला नाही.

अंधार पडायला लागला तसे आम्ही खड्डे बुजवले, पाणी मारलं आणि वरून पायानं माती दाबली. सकाळी तिथंच मुलांचं क्रिकेट असतं. कुणाचा पाय मुरगळायला नको.