हेन्टीला उतरणारं कुणी आहे का?

मेलबर्नहून सिडनीला विमानानं दीड तास लागतो, आगगाडीनं अकरा. हा हवाई मार्ग जगातल्या सगळ्यात गजबजलेल्या मार्गांपैकी एक, त्यामुळे मी लेकाला भेटून गाडीनं परत येते म्हटलं की आमच्या मंडळातल्या बायका "बरं वाटतंय ना तुला?" अशा नजरेनं बघतात. बरं, तिकिटात काही घबाड वाचतं असंही नाही. पण मी मिरजेची. तिथे वाढलेल्या प्रत्येकाला रेल्वेचं वेड असतंच असं नाही, पण गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, हे मात्र कुणी न शिकवता कळतं. आमच्या लहानपणी मिरजेच्या स्टेशनात तिन्ही गेज होती. पुण्या-कोल्हापूरची मोठी गाडी, हुबळीकडची मीटरगेज, आणि पंढरपूरची ती छोटी, बार्शी लाईट. आजी आषाढीला छोट्या गाडीनं जायची. गाडी इतकी सावकाश की चढावर उतरून चालत गेलं तरी विठोबा आधी भेटेल, असं आजोबा म्हणायचे.

तर ही इथली गाडी. नाव एक्सपीटी, जन्म १९८२चा, मूळ घडण ब्रिटनच्या वेगवान डिझेल गाडीची. ताशी १६० किलोमीटर धावू शकते, पण रूळ पडले वाफेच्या इंजिनांच्या काळात, डोंगराला वळसे घालत. त्यामुळे साडेनऊशे किलोमीटरला अकरा तास. डब्यात निम्मे प्रवासी सत्तरीच्या पुढचे असतात. न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनीच्या राज्यात, पेन्शनरांना वर्षाला गाडीची चार व्हाउचर मिळतात, आणि ती वाया घालवणं हे त्यांना आपल्या आजी-आजोबांइतकंच पाप वाटतं. बाकीचे म्हणजे सुट्टीला घरी निघालेले विद्यार्थी, शहरातल्या दवाखान्यात दाखवून परतणारे शेतकरी, आणि अधूनमधून माझ्यासारखं एखादं हौशी पात्र. कुणी कुणाशी मोठ्यानं बोलत नाही. मी दशमी आणि शेंगदाण्याची चटणी पिशवीतल्या पिशवीत उघडते, तरी लसूण आपलं काम करतोच. पलीकडची विणणारी बाई एकदा नाक वर करते आणि पुन्हा टाके मोजायला लागते. मग जेवणाची ऑर्डर घ्यायला माणूस येतो, त्याला मी फक्त चहा सांगते. कागदी कप, दोऱ्याला लटकलेली पुडी, गार दूध. त्याला चहा म्हणणं हा निव्वळ शिष्टाचार.

दुपारच्या सुमारास दोन राज्यांच्या सीमेवरची मरे नदी ओलांडली की आल्बरी येतं. इथे मी दरवेळी वाचत असलेलं पुस्तक मिटते. इटालियन धाटणीचा मनोरा असलेली ऐटदार इमारत आणि तिच्यापुढे चारशे मीटरच्या वर लांब प्लॅटफॉर्म. गाव काही एवढं मोठं नाही. मग एवढा प्लॅटफॉर्म कशाला? तर एका साहेबाच्या बदलीमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात न्यू साउथ वेल्सच्या आयरिश अभियंत्यानं ५ फूट ३ इंचांच्या रुळांचा आग्रह धरला. शेजारच्या व्हिक्टोरियानं, म्हणजे मेलबर्नच्या वसाहतीनं, बरं म्हटलं आणि त्या मापाची सामग्री मागवलीही. एवढ्यात हा साहेब नोकरी सोडून गेला. त्याच्या जागी स्कॉटिश साहेब आला, त्याला ४ फूट साडेआठ इंचच हवे होते. पत्रिका वाटून झाल्यावर मुलाकडच्यांनी तारीख बदलावी तसं झालं. व्हिक्टोरियानं तारीख बदलायला नकार दिला.

१८८३ साली दोन्हीकडचे रूळ इथे एकमेकांसमोर येऊन ठाकले, पण जुळले नाहीत. प्लॅटफॉर्मच्या एका बाजूला एक गाडी, दुसऱ्या बाजूला दुसरी, आणि मध्ये सगळ्या प्रवाशांची, पेट्यांची, पोराबाळांची फरफट. १९०१ साली देश एक होईपर्यंत वर जकातीची झडतीही असायची. अमेरिकन लेखक मार्क ट्वेन १८९५ मध्ये इथून गेला. त्याला भल्या पहाटे, कडाक्याच्या थंडीत, कंदिलाच्या उजेडात गाडी बदलावी लागली आणि त्यानं या व्यवस्थेवर यथेच्छ तोंडसुख घेतलं. व्यवस्था मात्र ढिम्म हलली नाही. दुसऱ्या महायुद्धात सैन्याचा माल इथे एका गाडीतून दुसऱ्या गाडीत चढवायला माणसांच्या फौजा लागल्या, तरीही नाही. अखेर १९६२ मध्ये मेलबर्नपर्यंत लहान मापाचे रूळ गेले. म्हणजे एकोणऐंशी वर्षं आल्बरीला अख्खी गाडी खाली उतरत होती. मला मिरजेचा पूल आठवतो. छोट्या गाडीतून मोठ्या गाडीत जाताना डोक्यावर वळकटी आणि हातात मी, अशी आजीची लगबग. आम्ही त्याला "गाडी बदलायची" एवढंच म्हणायचो. त्याच्यामागे कुणा साहेबाचा हट्ट असेल हे डोक्यातही यायचं नाही.

आल्बरी सुटलं की सपाट, मोकळा मुलूख लागतो. ऑक्टोबरात इथे कनोला फुललेला असतो, मोहरीच्याच कुळातला. खिडकीबाहेर इतकं पिवळं की जेजुरीला आल्यासारखं वाटतं. आणि इथून पुढे छोटी स्टेशनं: कल्केर्न, हेन्टी, द रॉक. या स्टेशनांवर गाडी थांबतेच असं नाही. तिथलं तिकीट कुणी आधी काढलेलं असेल तरच थांबते. आपली 'हात दाखवा, एसटी थांबवा' आठवली ना? पण इथे नुसता हात दाखवून चालत नाही, नाव यादीत लागतं. इतक्या फेऱ्यांत मी हेन्टी नेहमी धावतंच पाहिलं होतं: एक पाटी, एक बाक, धान्याची उंच कोठारं, की संपलं. हेडली टेलर नावाच्या शेतकऱ्यानं पहिल्या महायुद्धाच्या सुमारास गव्हाची कणसं कापून मळणारं नवं यंत्र इथे बनवलं, हेही मला गाडीत नव्हे, नंतर घरी वाचून कळलं.

या वेळी घोषणा झाली. हेन्टीला उतरणाऱ्यांनी अमुक डब्याच्या अमुक दाराशी यावं. मी मान वळवून पाहिलं. कुणीच उठेना. एसटीचा कंडक्टर असता तर एव्हाना "कोण हाय का हेन्टीवालं?" म्हणून दोनदा खेकसला असता. मग पलीकडच्या बाईनं शांतपणे लोकर गुंडाळली, सुया पिशवीत खोचल्या, फळीवरची छोटी बॅग काढायला माझ्याकडे पाहिलं. मी काढून दिली. "तुमच्या डब्यात काय होतं?" तिनं विचारलं. मी लसूण म्हटलं. "वाटलंच मला," म्हणाली आणि दाराकडे गेली.

गाडी थांबली. इंजिनासकट ते सगळं धूड एका बाईसाठी शेताच्या कडेला उभं. एकच दार उघडलं. कर्मचाऱ्यानं तिची बॅग खाली ठेवली, तिला हात दिला. बाकाजवळ हॅट घातलेला एक म्हातारा उभा होता. त्यानं हॅट काढली नाही, हातही हलवला नाही, फक्त बॅग उचलली आणि दोघं काहीतरी बोलत गाडीकडे पाठ करून चालू लागले. दार मिटलं. माझ्या कपातला तो पाणचट चहा अजून गरम होता.