हो, खोटे आहेत. आणि हो, धुता येतात

सगळ्यात आधी सांगून टाकते, हो, माझ्या ब्रेड्समधले, म्हणजे डोकंभर घातलेल्या बारीक वेण्यांमधले, लांब केस खोटे आहेत. गेल्या पाच आठवड्यांत मुलुंड ते दादर लेडीज डब्यात हे मला इतक्या जणींनी विचारलंय की एकदा वैतागून "खोटेच आहेत मावशी, ओढून बघा" म्हटलं, तर त्या मावशींनी खरंच ओढून बघितलं. दुसरा प्रश्न, "पण मग धुतेस कशी गं?" त्याचं उत्तर दोन स्टेशनांत मावत नाही, म्हणून इथे लिहितेय.

पण धुण्याआधी घट्टपणाचं सांगते, कारण माझी चूक तिथेच झाली होती.

मागच्या डिसेंबरात पहिल्यांदा ब्रेड्स घातल्या तेव्हा मीच त्या पार्लरवालीला म्हटलं, जरा घट्ट घाल, माझे केस सरळ आहेत, निसटतात. तिने घातल्या. रात्री उशीवर डोकं टेकवता येईना, हसलं की कानशिलं ताणायची, तिसऱ्या दिवशी कपाळाच्या कडेला बारीक बारीक पुटकुळ्या. तरी मी गप्प. का, तर आपल्याला लहानपणापासून तेच शिकवलंय ना, शाळेच्या दोन वेण्या, लाल रिबिनी, आईने गुडघ्यांत धरून ठेवलेलं आणि "हलू नकोस, घट्ट घातली की संध्याकाळपर्यंत टिकते". घट्ट म्हणजे नीटनेटकं, सैल म्हणजे आळशी. नवव्या दिवशी रडत सगळं सोडलं तेव्हा कानशिलांवरचे बारीक केस गायब झाले होते.

स्किनच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, ट्रॅक्शन अलोपेशिया, म्हणजे केस सतत ओढले जाऊन गळणं. नवीन फॅशनचं दुखणं नाहीये हे, 1907 सालीच ग्रीनलंडमधल्या बायकांमध्ये याची नोंद झाली होती, त्या केस वर ओढून घट्ट बांधायच्या. लवकर थांबलं तर केस परत येतात, वर्षानुवर्षं ओढत राहिलं तर मूळच मरतं, मग काही येत नाही. माझे आले, पाचेक महिने लागले. मला मात्र तिथे बसल्या बसल्या आजी आठवली. आजीचं कपाळ खूप मोठं होतं, आम्हाला वाटायचं वयामुळे. ती चाळीस वर्षं गंगावन लावून घट्ट अंबाडा घालायची. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गंगावन म्हणजे आपलं जुनं हेअर एक्स्टेंशनच, पूर्वी म्हणे चवरी गायीच्या शेपटीच्या केसांचं असायचं. तेव्हा आपल्याकडे हे काल आलं असं कोणी समजू नये.)

यावेळी जूनच्या शेवटी नालासोपाऱ्याला एका नायजेरियन ताईकडे गेले. तिने आधी पाच मिनिटं नुसते माझे केस बोटांत धरून बघितले आणि म्हणाली, तुम्हारा बाल फिसलता है, टाइट करने से नहीं रुकेगा. आणि मग, दुखा तो बोलना, हीरो नहीं बनना. हे वाक्य मला शाळेत असताना कोणीतरी सांगायला हवं होतं.

तिने नॉटलेस घातल्या. साध्या बॉक्स ब्रेडमध्ये (डोक्यावर चौकोनी भांग पाडून घालतात त्या वेण्या) खोटे केस मुळाशीच गाठ मारून लावतात, म्हणजे पहिल्या पेडापासून सगळं वजन मुळावर. नॉटलेसमध्ये सुरुवात तुमच्याच केसांच्या तीन पेडांनी होते आणि खोटे केस खाली खाली थोडे थोडे घालत जातात, मुळाशी हलकं राहतं. वेळ जास्त लागतो, मला सात तास लागले, मधे वडापाव खाऊन झाला. कानशिलांवरचे बारीक केस तिने घेतलेच नाहीत. मला कमरेपर्यंत हव्या होत्या, तिने पाठीच्या मध्यावर थांबवल्या, बोली गीला होगा तब समझेगा. समजलं.

एक खरं सांगू का, हा प्रकार मुळात आफ्रिकन कुरळ्या केसांसाठी आहे, तिथे तो केसांना जपतो, सहा-आठ आठवडे छान राहतो. आपल्या सरळ केसांना जपायबिपायचं काही नाही, आपण हौस म्हणून घालतो आणि चौथ्या आठवड्यात मुळाशी फिस्कारायला लागतात. हौस आहे तर हौस म्हणा.

केस कानेकलॉनचे, एका जपानी कंपनीचा कृत्रिम धागा. पाकिटातून काढून तसेच लावले तर काहींना भयंकर खाज सुटते, त्यावर जे काही लावलेलं असतं त्याची. म्हणून आदल्या दिवशी बादलीत पाणी आणि ॲपल सायडर व्हिनेगर घालून भिजवले, वर पांढरट तवंग आला. मग धुऊन खिडकीतल्या दोरीवर वाळत घातले तर खालच्या मजल्यावरून काकूंचा फोन, अगं घोड्याचं शेपूट लटकतंय का तुमच्याकडे. शेवटी टोकं उकळत्या पाण्यात बुडवून बसवतात ती ताईनेच बसवली, पण नंतर दोन-तीन सुटली तेव्हा मी घरी पातेलं घेतलं आणि आई ओरडली, चहाचं नाही!

आता धुणं. दहा दिवसांतून एकदा. शाम्पू पाण्यात पातळ करून चोचीच्या बाटलीत भरायचा, फक्त भांगाभांगांत सोडायचा, बोटांच्या टोकांनी हळू चोळायचं, वेण्या चोळायच्या नाहीत, वरून येणारं पाणी त्यांना पुरतं. आणि वाळवणं हेच खरं काम. धागा स्वतः फारसं पाणी पीत नाही पण आतले आपले केस पितात, आणि जुलैची मुंबई, जिथे टॉवेल दोन दिवस वाळत नाही. पहिल्यांदा मी ओल्याच बांधून झोपले, दोन दिवसांनी डोक्याला फरशी पुसायच्या फडक्याचा वास. तेव्हापासून रविवारी सकाळी धुते, पंख्याखाली पालथी पडून राहते आणि ड्रायर थंड हवेवर, गरम हवेने धागा वाकडा होतो. पावसात भिजले तरी हेच.

तेलाचं आईशी रोज भांडण. वाटीभर खोबरेल चोपडायचं नाही गं, मुळाशी धूळ बसून राखाडी कडं तयार होतं. बोटाला दोन थेंब, बास. रात्री झोपताना सॅटिनची टोपी, माझी जुन्या परकरातून शिवलेली आहे.

परवा रविवारी सोडल्या. मी, आई आणि घोड्याच्या शेपटावाल्या काकू, साडेचार तास. शेवटी जमिनीवर माझ्या खऱ्या केसांचा एवढा ढीग की आईने तोंडावर हात ठेवला. मी तिला गणित सांगितलं, रोज पन्नास ते शंभर केस सगळ्यांचेच गळतात, एरवी कंगव्यात आणि मोरीत जातात, इथे पाच आठवडे वेणीत अडकून राहिले, म्हणजे दीड-दोन हजार तर सहज. पटलं नाही तिला. कपाळ मात्र तिने दिव्याखाली नीट तपासलं, शाबूत होतं.

मग ती उठून ट्रंकेतून आजीचं गंगावन घेऊन आली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं, एकशे तीस ग्रॅम. "बघ, एवढं वजन ओढायची बिचारी." मी माझ्या सोडलेल्या वेण्यांचं बोचकं ठेवलं. चारशे दहा.

काकू म्हणाल्या, म्हणजे तीन सासवा डोक्यावर घेऊन फिरत होतीस की.