कंपनीचा लॅपटॉप, घरचा प्रिंटर

चाळीस पानांचा एक मसुदा मला कागदावर वाचायचा होता. पडद्यावर वाचताना आठव्या कलमाचा तिसाव्या कलमाशी असलेला संबंध माझ्या हातून हमखास निसटतो; पाने शेजारी शेजारी मांडून आणि समासात पेन्सिलीने खुणा करूनच मला असे काम जमते. घरात प्रिंटर आहे आणि मोबाइलवरून पाठवलेले तो मुकाट्याने छापतो. मसुदा मात्र कंपनीच्या लॅपटॉपवर होता. दोन यंत्रांमधले अंतर हातभर असेल. पण ते ओलांडायला मला तीन संध्याकाळी लागल्या, आणि त्यांपैकी दोन भलत्याच कुलपाशी झटापट करण्यात गेल्या.

पहिल्या संध्याकाळी मी सरळ यूएसबी केबल जोडली. लॅपटॉपने प्रिंटर ओळखला, त्याचे नावही दाखवले आणि लगेच एक चौकट पुढे केली, जिच्यात ॲडमिनचे, म्हणजे लॅपटॉपमध्ये बदल करण्याचा अधिकार असलेल्या खात्याचे, नाव आणि पासवर्ड भरायचा होता. तो अर्थातच माझ्याकडे नव्हता. प्रिंटरसारख्या निरुपद्रवी वस्तूला एवढी पहारेदारी कशाला, असे तेव्हा मनात आले होते. नंतर थोडे वाचल्यावर तो राग मावळला. प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला त्या प्रिंटरशी बोलता यावे म्हणून बसवायचा प्रोग्रॅम, हे दिसायला किरकोळ प्रकरण असले, तरी विंडोजमध्ये छपाईचे काम सांभाळणारी स्पूलर नावाची सेवा संगणकावरील सर्वोच्च अधिकारांनिशी चालते, आणि तिच्यात शिरलेला खोटा ड्रायव्हर तेच अधिकार मिळवू शकतो. २०२१च्या उन्हाळ्यात ‘प्रिंटनाइटमेअर’ या नावाने गाजलेली त्रुटी याच सेवेतली होती. त्यानंतर ऑगस्ट २०२१मध्ये मायक्रोसॉफ्टने प्रिंट सर्व्हरवरून, म्हणजे छपाई सांभाळणाऱ्या सामायिक संगणकावरून, ड्रायव्हर बसवण्यासाठी ॲडमिनचे अधिकार सक्तीचे केले. म्हणजे ज्याला मी आयटी विभागाचा खाक्या समजत होतो, त्यामागे चांगलेच सबळ कारण होते.

दुसरी संध्याकाळ वायफायवर गेली. लॅपटॉप आणि प्रिंटर एकाच राउटरवर होते, तरी प्रिंटर यादीत दिसेना. मी राउटर बंद करून चालू केला, प्रिंटर बंद करून चालू केला, आणि असे करणारा माणूस शेवटी जे करतो तेही केले, म्हणजे उगाच शाई तपासली. तिसऱ्या संध्याकाळी मात्र जरा शांत डोक्याने प्रिंटरच्याच बटणांवरून त्याच्या नेटवर्क जोडणीची माहिती देणारे पान छापून घेतले. त्या पानावर त्याचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कमधला त्याचा क्रमांक, असतो. घरगुती नेटवर्कमध्ये तो बहुधा १९२.१६८ने सुरू होतो. तो पत्ता लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये टाकला की प्रिंटरचे स्वतःचे छोटे पान उघडायला हवे. ते उघडले नाही. व्हीपीएन, म्हणजे लॅपटॉपला कंपनीच्या नेटवर्कशी बांधणारी सुरक्षित जोडणी, तोडून पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा शाईच्या पातळीच्या चार रंगीत पट्ट्यांसह ते क्षणात उघडले. दोन संध्याकाळींचे कोडे त्या एका पानाने सोडवले.

व्हीपीएन चालू असताना लॅपटॉपवरची सगळी वाहतूक कंपनीच्या नेटवर्ककडे वळवली जाते, अशी रचना अनेक ठिकाणी मुद्दाम केलेली असते. अशा वेळी लॅपटॉप शरीराने घरात आणि मनाने कार्यालयात असतो. शेजारच्या टेबलावरचा प्रिंटर त्याच्या लेखी अस्तित्वातच नसतो. हे कुलूप ड्रायव्हरच्या कुलपाहून अगदी वेगळे आहे, आणि कुठले कुलूप आडवे आले आहे हे ठरवल्याशिवाय केलेली सगळी खटपट वाया जाते, हे मी स्वानुभवाने सांगतो.

ड्रायव्हरचा अडथळा तर वायफायवर आपोआपच दूर झाला. व्हीपीएन बंद असताना प्रिंटर यादीत आला, मी तो निवडला आणि पासवर्डची चौकट उगवलीच नाही. याचे श्रेय आयपीपी या छपाईच्या सामायिक भाषेला. गेल्या काही वर्षांतले बहुतेक वायफाय प्रिंटर ती जाणतात, आणि विंडोजमध्ये तिच्यासाठी लागणारा सर्वसाधारण ड्रायव्हर आधीपासूनच असतो, त्यामुळे उत्पादकाचे भलेमोठे सॉफ्टवेअर आणून बसवण्याची गरज उरत नाही. मोबाइलवरून छपाई इतकी सहज होते तीही अशाच ड्रायव्हरविना चालणाऱ्या पद्धतींमुळे. काही कंपन्या मात्र नवा प्रिंटर जोडण्यावरच बंदी घालतात. तिथे ही वाटही बंद असते.

आता प्रश्न परवानगीचा होता. ‘प्रिंटर चालत नाही’ असे लिहून मी आधी आयटी विभागाकडे एक तिकीट, म्हणजे मदतीची लेखी विनंती, टाकले होते, आणि घरगुती प्रिंटरसाठी मदत दिली जात नाही, या एका ओळीच्या उत्तरानिशी ते बंद झाले होते. दुसऱ्या तिकिटात मी दोनच गोष्टी विचारल्या: व्हीपीएन चालू असताना घरच्या नेटवर्कपुरती वाट मोकळी करता येईल का, आणि ते शक्य नसल्यास छपाईपुरता व्हीपीएन तोडायला आपली हरकत आहे का? पहिल्याला नकार आला, दुसऱ्याला होकार. विचारणे नेमके असले की उत्तरही नेमके मिळते. पहिल्या तिकिटाचा दोष मी त्या विभागाला देत नाही.

व्हीपीएन चालू असतानाच मी मसुदा उघडला आणि छपाईची आज्ञा दिली. काम रांगेत जाऊन अडकले, त्याच्यापुढे त्रुटीची खूण आली. मग व्हीपीएन तोडला. काही क्षण काहीच घडले नाही; मग पलीकडून घरघर ऐकू आली आणि पहिले पान बाहेर सरकले. रांगेतले काम रद्द करण्याची घाई केली नाही, की स्पूलर ते धरून ठेवतो आणि पुन्हा प्रयत्न करतो.

मसुदा स्वतःच्या ईमेलवर पाठवून मोबाइलवरून छापावा, असे मला दोघांनी सुचवले होते. तसे केले असते तर पहिल्याच संध्याकाळी काम झाले असते, पण कंपनीचा दस्तऐवज माझ्या खासगी खात्यात कायमचा राहिला असता, आणि त्याचे उत्तर देण्याची पाळी आली असती तर ‘प्रिंटर सापडत नव्हता’ हे कारण फारच दुबळे ठरले असते.

परवानगी देताना आयटी विभागाने एक अट घातली होती: वापर संपल्यावर कागद फाडून नष्ट करावेत. आमच्या घरी पाठकोरे कागद मुलांच्या चित्रांसाठी एका खणात जमा होतात. तिसऱ्या दिवशी त्या खणातून मी सतरावे पान परत मिळवले. त्याच्या मागे एक हत्ती होता, आणि तो फाडण्यापूर्वी मला त्याच्या मालकिणीची रीतसर परवानगी घ्यावी लागली.