तुम्ही विचारलंत म्हणून: एवढा मोठा अ‍ॅम्प, आणि फक्त 25 वॅट?

घरी कोणी आलं की हॉलमधल्या त्या काळ्या पेटीकडे, म्हणजे मी बांधलेल्या अ‍ॅम्प्लिफायरकडे, बघून हा प्रश्न येतोच. उचलायला दोन माणसं लागतात, दोन्ही बाजूंना अ‍ॅल्युमिनियमचे हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्या), हात ठेवला तर चटका बसतो, आणि किती वॅटचा म्हणून विचारलं तर मी सांगतो 25. मग लगेच, अहो आमच्या म्युझिक सिस्टिमवर तर हजार वॅट पीएमपीओ (क्षणभराच्या कमाल ताकदीचा जाहिरातीतला आकडा) लिहिलंय! मागच्या आठवड्यात मेहुण्याने परत तेच विचारलं, म्हटलं आता एकदा नीट लिहूनच काढू.

डिझाइन माझं नाही. ते नेल्सन पास यांचं आहे, कॅलिफोर्नियातले अ‍ॅम्प डिझायनर, शिक्षण फिजिक्सचं. 1974 मध्ये त्यांनी आणखी दोघांबरोबर थ्रेशोल्ड नावाची कंपनी काढली, 1991 मध्ये पास लॅब्ज. पास लॅब्जचे अ‍ॅम्प मोठे, महागडे, जगभर विकले जाणारे. पण ते चालू असतानाच त्यांनी बाजूला एक छोटा उद्योग सुरू केला, घरातल्या टेबलावर बसून करायचा, फर्स्ट वॅट नावाचा. माझा अ‍ॅम्प त्यातल्या एफ5 या मॉडेलची सर्किट बघून बांधलेला आहे.

नावातच उत्तर आहे खरं तर. पहिला वॅट. माझे स्पीकर एका वॅटला एक मीटरवर 90 डेसिबल आवाज देतात, आणि आपल्या बारा बाय पंधराच्या हॉलमध्ये आपण ऐकतो 75, फार तर 80 डेसिबलला, म्हणजे बहुतेक वेळ अ‍ॅम्प एक वॅटसुद्धा देत नसतो, त्याच्या दहाव्या-विसाव्या हिश्शावर सगळं गाणं चाललेलं असतं. तबल्याची थाप पडली की क्षणभर दहा वॅट लागतील, तेवढी जागा 25 मध्ये आहे. मग पहिला वॅटच जर खराब असेल तर पुढचे 999 घेऊन करायचं काय?

आणि बहुतेक अ‍ॅम्पची गोची नेमकी पहिल्या वॅटमध्ये असते. नेहमीच्या अ‍ॅम्पमध्ये दोन ट्रान्झिस्टर (किंवा दोन गट) असतात, एक सिग्नलचा वरचा अर्धा भाग सांभाळतो, दुसरा खालचा. खो-खो सारखं, एक पळतो तेव्हा दुसरा बसलेला, आणि सिग्नल शून्यावरून गेला की खो द्यायचा. त्या खो च्या क्षणी किंचित सांधा राहतो. मोठ्या आवाजात तो लपून जातो पण बारीक आवाजात, म्हणजे तानपुरा एकटाच वाजतोय किंवा गायिका अगदी हळू सूर लावतेय, तिथे तो सांधा सिग्नलच्या मानाने मोठा होतो. माझा अ‍ॅम्प क्लास ए नावाच्या प्रकारातला आहे, त्यात कोणी बसतच नाही, दोघेही सतत पळत असतात, गाणं असो नसो. म्हणून ती उष्णता. माझ्याकडे प्लस-मायनस 24, म्हणजे मिळून 48 व्होल्ट आहेत आणि एका चॅनलमधून 1.3 अँपिअर सतत वाहतो, म्हणजे साधारण 62 वॅट, दोन चॅनलचे सव्वाशे, शांत बसलेला असताना सुद्धा. मे महिन्यात पुण्यात दुपारी मी तो लावत नाही, हे कबूल आहे.

पण पास यांचं मला सगळ्यात पटलेलं म्हणणं उष्णतेचं नाही, साधेपणाचं आहे. एफ5 मध्ये सिग्नलच्या वाटेत एका चॅनलला चारच ट्रान्झिस्टर आहेत. एकामागे एक टप्पे वाढवत गेलात की प्रत्येक जण आपली चूक घालतो, मग ती दुरुस्त करायला फीडबॅक (बाहेर आलेला सिग्नल परत आत आणून तुलना करणं) वाढवायचा, मोजमापात आकडा छान येतो पण उरलेली विकृती वरच्या वरच्या हार्मोनिकमध्ये, म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट अशा पटीतल्या सुरांमध्ये, पसरू शकते. आणि कोणता हार्मोनिक आहे याला महत्त्व आहे हो! षड्जाचा दुसरा हार्मोनिक म्हणजे तार षड्ज, तिसरा म्हणजे तार सप्तकातला पंचम. थोडे मिसळले तरी कान तक्रार करत नाही, तानपुऱ्याची जवारी तरी काय करते, हार्मोनिकच फुलवते ना. सातवा मात्र कोमल निषादाच्याही खाली पडतो, तो कुठेच बसत नाही. म्हणून विकृती किती यापेक्षा कुठली, हा प्रश्न पास आधी विचारतात.

1994 मध्ये त्यांनी झेन नावाचा अ‍ॅम्प छापून दिला होता, सिग्नल वाढवायला एकच ट्रान्झिस्टर. एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतो ना आपण, त्यांनी ती वाजवून दाखवली. आणि मुख्य म्हणजे सर्किट सगळ्यांना देऊन टाकली, स्वतःसाठी बांधा, धंदा करू नका एवढीच अट. ज्याचं पोट याच धंद्यावर आहे तो माणूस वर्षानुवर्षं असं सगळ्यांना देत राहतो, याचं मला अजून अप्रूप वाटतं. फर्स्ट वॅटची काही मॉडेलं तर शंभराच्या आसपासच बनवली, मग सर्किट खुली केली.

मला बांधायला आठ महिने लागले. ट्रान्सफॉर्मर 18-0-18 व्होल्टचा वाइंड करून घेतला, हीटसिंकचं ड्रिलिंग भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये. अडलं ते जेफेटवर, म्हणजे सिग्नल आत घेणाऱ्या खास ट्रान्झिस्टरवर. 2एसके170 आणि 2एसजे74, तोशिबाने बनवणं बंद केलेले, आणि मी एका दुकानातून घेतलेले वीसच्या वीस नकली निघाले, मल्टीमीटर लावून करंट मोजला तर जोडी कशाशीच जुळेना. पैसे गेले आणि तीन महिनेही. शेवटी अमेरिकेतून, जोड्या लावलेले, पुतण्याने येताना आणले. पहिल्यांदा सिरीज बल्ब लावून (काही चुकलं असेल तर करंट तोच अडवतो) चालू केलं, बल्ब क्षणभर पेटून मंद झाला, तेव्हा मी आणि बायको दोघंही श्वास रोखून उभे होतो. मग 0.47 ओहमच्या रेझिस्टरवर 0.6 व्होल्ट येईपर्यंत बायस, म्हणजे तो सतत वाहणारा करंट, हळूहळू वाढवायचा, गरम होऊ द्यायचं, परत मोजायचं, पूर्ण संध्याकाळ गेली.

त्या रात्री आईने ऐकलं. तिला यातलं काही माहीत नाही, ती वीस वर्षं गाणं शिकली एवढंच. ती म्हणाली, तानपुरा मागे गेलाय आणि तरी नीट ऐकू येतोय.

रविवारी ऐकायला येणार असाल तर तासभर आधी फोन करा, तापायला तेवढा वेळ लागतो, मी चालू करून ठेवतो.