मोपा ते मस्कत: रडारपलीकडची एटीसी

देशातल्या देशात उडताना एटीसी, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण, सतत कानाशी असते. दाबोळीला नौदलाचे कंट्रोलर, मोप्याला विमानतळ प्राधिकरणाचे, वर चढलं की मुंबई. रडारवर आपण दिसतच असतो, त्यामुळे कुठे आहोत ते सांगायची वेळ क्वचित येते. मस्कतच्या फेऱ्यांवर माझं लाइन ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष फेऱ्यांवरचं वैमानिकाचं प्रशिक्षण, सुरू झालं आणि ही सवय मोडावी लागली.

त्याआधी इंग्रजीची परीक्षा. किमान चौथी पातळी लागते, आणि तेवढीच मिळाली तर 3 वर्षांनी पुन्हा द्यायची. अनेकांना ही कटकट वाटते, मला नाही. 12 नोव्हेंबर 1996 ला चरखी दादरीवर दोन विमानं धडकली, 349 माणसं गेली. 15,000 फुटांवर थांबायला सांगितलेलं विमान त्याखाली उतरलं होतं, आणि इंग्रजी नीट न समजण्याचा मुद्दा चौकशीत आला. तेव्हापासून रीडबॅक (कंट्रोलरची सूचना त्याला परत म्हणून दाखवणं) म्हणजे नुसता उपचार, असं कोणी म्हटलं की मला राग येतो.

खरा कस अरबी समुद्रावर. किनाऱ्यापासून साधारण 200 सागरी मैलांपुढे व्हीएचएफ हा नेहमीचा स्पष्ट रेडिओ विरतो, मग लांब पल्ल्याचा एचएफ. खरखर इतकी, की आवाज खोल विहिरीतून यावा तसा. बोलतो तो ‘मुंबई रेडिओ’चा ऑपरेटर, तो निरोप कंट्रोलरला देतो, उत्तर त्याच वाटेने परत. यात मिनिटं जातात. पावसाळ्यात माझे ट्रेनिंग कॅप्टन म्हणायचे, “ढग स्क्रीनवर दिसला की लगेच वळण माग. जवळ पोचून मागशील तर उत्तर यायच्या आत ढगात असशील.”

पोझिशन रिपोर्ट, म्हणजे आपण कुठे आहोत ते कळवणं, त्यांनी घोटून घेतला: मार्गावरच्या बिंदूचं नाव, यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ, लेव्हल म्हणजे उंची, पुढचा बिंदू नि तिथली अंदाजे वेळ, मग त्यापुढचा बिंदू. रडार नसलं की एकाच लेव्हलवर मागून येणाऱ्या विमानाशी 10 मिनिटांचं अंतर याच आकड्यांवर राखलं जातं. आपली वेळ चुकली तर मागच्याचं अंतर चुकलं. सीपीडीएलसी (कंट्रोलरशी लेखी संदेशांची यंत्रणा) असलेल्या विमानांत हे मजकुरानं होतं, आमच्यात तोंडीच. सेलकॉल, म्हणजे फक्त आपल्याच विमानाला बोलावणारा इशारा, मात्र आधी तपासून घ्यायचा. मग एचएफचा आवाज बारीक केला तरी चालतं, बोलावणं आलं की घंटा वाजते.

रिलीज चेकला, म्हणजे ट्रेनिंगच्या शेवटच्या परीक्षेला, परीक्षकांनी अख्खा एचएफ माझ्याकडे सोपवला. पास झाले. आता फेऱ्या नेहमीच्या झाल्यात, पण पुढच्या बिंदूची वेळ मी अजून कागदावर हाताने लिहिते. कॉम्प्युटर दाखवतो, तरीही.