आर्केड कॅबिनेट, नोंद 3: बाजूच्या फळ्या, सनमाइका आणि टी-मोल्डिंगची खाच

आर्केड कॅबिनेट म्हणजे व्हिडिओ गेमचं उभं कपाट. आत्तापर्यंत त्याच्या दोन्ही बाजू कापून झाल्या, बाहेरून सनमाइका बसला, टी-मोल्डिंगसाठी (कडा झाकणारी टी आकाराची प्लास्टिकची पट्टी, तिचा मधला दांडा खाचेत बसतो) कडेची खाच पडली. कंट्रोल पॅनेलची, म्हणजे बटणांच्या फळीची, भोकं पाडायची आहेत.

8×4 फुटी 18 मिमी प्लायचा एकच ताव बाजूंना पुरतो. खोली 600 मिमी ठेवली की 1220 च्या रुंदीत दोन्ही बाजू शेजारी-शेजारी बसतात आणि करवतीची जाडीही निघते. उंची 1700. बाकीच्या पट्टीत तळ आणि वरची फळी.

आधी 12 मिमी एमडीएफचा साचा केला. वळणं पॉलिश पेपरने हाताला गुळगुळीत लागेपर्यंत घासली, कारण साच्यातला खड्डा दोन्ही फळ्यांवर जसाच्या तसा उतरतो. प्लाय जिगसॉने रेषेच्या 2-3 मिमी बाहेरून कापून, साचा क्लॅम्प करून राउटरला (कडा आणि खाचा कोरायचं यंत्र) बेअरिंगचा फ्लश-ट्रिम बिट, म्हणजे साच्याला टेकून कड समतल करणारं पातं, लावून उरलेलं काढलं. बाहेरच्या कडेवर राउटर घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा. घड्याळाच्या दिशेने गेलं तर बिट यंत्र पुढे ओढून नेतं आणि कोपऱ्याचा थर उचकटतो.

खरी मेख खाचेत आहे. बाजारातलं टी-मोल्डिंग बहुधा पाऊण इंची, म्हणजे सहा सूत, 19 मिमी. प्लाय 18 चा, आणि कॅलिपर लावला तर बऱ्याचदा त्याहूनही कमी. मोल्डिंग दोन्हीकडून अर्धा-अर्धा मिमी बाहेर राहतं आणि कपडा अडकून सुटायला लागतं. बाहेरून 1 मिमी सनमाइका लावला की माप जुळतं, पण क्रम पाळायलाच हवा: सनमाइका 5 मिमी जास्त ठेवून फेविकॉलने चिकटवा, रात्रभर वजनाखाली ठेवा, कडा ट्रिम करा, आणि मगच खाच पाडा. नुसत्या प्लायच्या मधोमध, 9 मिमीवर, खाच आधी पाडली तर मोल्डिंग आतल्या अंगाला सरकतं. बाहेरून बोट फिरवलं की सनमाइकाची अर्धा मिमी धार बोटाला लागते. ती नंतर कशानेच झाकत नाही.

खाच 1.6 मिमी रुंद, साधारण 10 मिमी खोल, बाहेरच्या तोंडापासून मध्य 9.5 मिमीवर. दोन्ही फळ्यांचं बाहेरचं तोंड वर ठेवूनच राउटर चालवा, म्हणजे मापातली बारीक चूकही दोन्हीकडे सारखीच पडते. पहिली खाच टाकाऊ तुकड्यावर. मोल्डिंग रबरी हातोड्याने ठोकावं लागलं पाहिजे. हाताने सहज गेलं तर खाच रुंद झाली.

बाहेरच्या कोपऱ्यावर मोल्डिंगच्या दांड्यातून व्ही आकाराचे तुकडे काढायचे, नाहीतर दांडा स्वतःवरच चढतो. आतल्या वळणावर साधे काप पुरतात.

आतून 25 मिमी चौरस पट्ट्या, फेविकॉल आणि दीड इंची स्क्रू. स्क्रू प्लायमध्ये 13 मिमी शिरतो. दोन इंची घेतला तर सनमाइका फोडून बाहेर येतो. पट्टी कडेपासून 38 मिमी आत लावली की 18 ची पुढची फळी 20 मिमी आत बसते आणि स्क्रू खाचेला लागत नाही. हे काम लांबवू नका: एकाच अंगाला सनमाइका असलेली फळी नुसती उभी ठेवली की धनुष्यासारखी वाकते.

पॅनेलसाठी एक सूचना आत्ताच. सानवा या जपानी कंपनीची खटक्याची 30 मिमी बटणं पातळ पत्र्यासाठी आहेत, 18 च्या लाकडात त्यांचे खटके धरत नाहीत. चकतीने आवळायची बटणं मागवा.